चौथा थेंब

"काचेवर उजव्या हाताचं बोट ठेवा," पडद्यावरची बाई गोड आवाजात म्हणाली. केतकीने ठेवलं. सुई टोचल्याचं कळलंसुद्धा नाही.

दोन दारांपलीकडे तिचे बाबा ऑपरेशनच्या टेबलावर होते. सकाळी माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. मांडीचं हाड मोडलं आणि हाडाशेजारची शीर फाटली. रक्त द्यायला आणि पाय उघडायला जवळच्या माणसाची संमती हवी होती. आईबाबांच्या लग्नाची नोंद सरकारी जाळ्यावर कधी चढवलेलीच नव्हती, म्हणून बायकोची सही चालेना. मग मुलगी पुढे झाली.

पडदा लाल झाला.

"रुग्णाशी आपलं जैविक नातं संभवत नाही," बाई त्याच गोड आवाजात म्हणाली. "आपल्याला संमतीचा अधिकार नाही. कृपया खऱ्या नातेवाइकांना बोलवा."

कऱ्हाडच्या हमरस्त्यावरचं ते मोठं इस्पितळ. वाट बघायच्या मोठ्या जागेत पन्नासेक माणसं बसली होती आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असाच ठेवलेला होता. माणसांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग केतकीकडे, आणि मग, हळूहळू, तिच्या शेजारी उभ्या असलेल्या शैलजाबाईंकडे. त्यांनी मान खाली घातली नाही. त्या पडद्याकडेच बघत राहिल्या, रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने थोबाडीत मारावी तशा.

"सरक बाजूला," हणमंतकाका म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दोन्ही गुडघे गेलेले, काठी टेकत आले आणि बोट ठेवलं. पडदा हिरवा झाला. "भाऊ. नातं संभवतं. धन्यवाद." काकांनी सही केली. मग वळून त्यांनी वहिनीकडे एकदाच पाहिलं. ते पाहणं केतकी पुढे कित्येक दिवस विसरू शकली नाही.

संध्याकाळी तिला 'भेटायला आलेली' म्हणून आत सोडलं. बाबांच्या उशाशी रक्ताची पिशवी लटकत होती, तिच्यावर ठळक अक्षरांत 'सर्वरक्त'. बाबा थंडीने उडत होते. "कंबर गं," ते म्हणाले, "कंबर फुटतीय माझी." पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीत कोकमाच्या आगळासारखं काहीतरी काळंलाल साचलं होतं.

"सिस्टर, हे काय आहे?"

"भुलीनं होतं कधीकधी. तुम्ही कोण पेशंटच्या?"

केतकीने बाबांचं पांघरूण वर ओढलं. सिस्टरने दुसरी पिशवी लावली. विलास पिसाळ, निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, दिवे लागायच्या आत गेले. दाखल्यावर कारण लिहिलं होतं: अतिरक्तस्राव.

*

सर्वरक्त येऊन तेव्हा आठेक वर्षं झाली होती. मोठ्या पोलादी टाक्यांत मूळपेशी वाढवायच्या आणि त्यांच्यापासून ओ गटाच्या तांबड्या पेशी बनवायच्या. ओ रक्त कुणालाही चालतं, हे तर शाळेच्या पुस्तकातच असतं. मग रक्तदानाची शिबिरं बंद झाली. रक्तपेढ्या मोडीत निघाल्या. पेशंटच्या रक्ताचा थेंब आणि पिशवीतला थेंब एकत्र करून बघायची जुनी जुळणीची चाचणीही गेली. कशाला वेळ घालवायचा? जे सगळ्यांना चालतं ते जुळवून काय बघायचं?

'आप्त', म्हणजे पडद्यावरची ती बाई, त्यानंतरचं. खोटे नातेवाईक उभे करून पेशंटचे अवयव काढून नेल्याची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हा ही पडताळणी आली. परवानगीशिवाय माणसाची जनुकं वाचायची नाहीत असा कायदा होता. रक्तगटाला तो लागू नव्हता. म्हणून आप्त रक्तगटच बघायचं, आणि आईबापांवरून मुलाचा गट सांगणारा तक्ता, जो दहावीच्या पुस्तकात असतो, तोच लावायचं. मुलाला एक खूण आईकडून मिळते, एक बापाकडून. ए आणि बी या दिसणाऱ्या खुणा, ओ म्हणजे खूणच नाही. बापाचा गट ओ, आईचा ए, तर मूल ए होईल नाही तर ओ. एबी कधीच नाही. बाबा ओ होते. आई ए. केतकी एबी.

*

दहाव्याला घाटावर सगळं काकांनीच केलं. केतकीने पिंडाला लावायला हात पुढे केला तसं काकांनी ताटच उचललं. "राहू दे. नियमातलं नको मोडायला." कुठल्या नियमातलं ते त्यांनी सांगितलं नाही, भावकीतल्या कुणी विचारलंही नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. इस्पितळातली पन्नास माणसं एकाच गावात राहत नसतात.

घरी जेवणं झाली. बाहेरच्या खोलीत पुरुष पान खात बसले होते आणि आत बायका भांडी आवरत होत्या. मधला पडदा पातळ होता.

"आमच्या बापानं आमची आई मामाच्या घरनं आणली," काका कुणाला तरी सांगत होते. "आज्यानंबी मामाचीच केली. आमचं रक्त घराबाहेर गेलं न्हाई कधी. सगळं खानदान ओ. देणारं रक्त! दादालाबी मामाची कुसुम ठरली होती. पण मास्तर शिकले, चिपळूणला नोकरीला गेले आणि वहिनीला घेऊन आले. बाहेरची केली की असंच व्हायचं."

भांडी घासणारे हात थांबले. काकांची बायको, तीच मामाची कुसुम, चरवीत हात बुडवून बसली होती. थोरल्याला ठरलेली ती धाकट्याला दिली होती, आणि त्याबद्दल तिला या घरात कुणी विचारलं नव्हतं. ती पडद्याकडे तोंड करून ओरडली, "अवं, तोंडात पान हाय तवर गप बसा की! बाराव्याच्या आत जिभंला हाड यील असं वाटत न्हाई मला."

कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. "पुढच्या आठवड्यात गुडघे बदलतोय," ते विषय बदलत म्हणाले. "तिथंच. दोन्ही एकदम."

शैलजाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी एक पातेलं पालथं घातलं, इतकं सावकाश की त्याचा आवाज झाला नाही.

*

"आई, बाबांना माहीत होतं?"

पाहुणे गेल्यावर दोघीच होत्या. केतकी पुस्तकं संपादित करायची, कोल्हापूरला राहायची. दिवसभर वाचायचं आणि दुसऱ्यांची वाक्यं सरळ करायची, हा तिचा धंदा. हे एक वाक्य मात्र तिला दहा दिवस सरळ करता आलं नव्हतं.

"तू नववीत होतीस," आई म्हणाली. "तुमच्या वर्गात ते रक्त तपासायचं होतं ना."

केतकीला आठवलं. पिसाळ सरांची पद्धतच होती: आधी मास्तरचं रक्त, मग पोरांचं. दरवर्षी वर्गासमोर स्वतःचं बोट टोचायचे. काचेच्या पट्टीवर तीन थेंब. पहिल्यावर ए ओळखणारा द्रव, दुसऱ्यावर बी ओळखणारा, तिसऱ्यावर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगणारा. रक्त फुटून त्याच्या गुठळ्या झाल्या की ती खूण आहे. पहिले दोन थेंब तसेच गुळगुळीत राहायचे. "बघा पोरांनो, मास्तर ओ. सगळ्यांना देणारा." पोरं टाळ्या वाजवायची. त्या वर्षी केतकीच्या पट्टीवर पहिले दोन्ही थेंब फुटले. सरांनी पट्टी उचलली, उजेडाला धरली, बराच वेळ धरली. मग नळाखाली धुऊन टाकली. "द्रव खराब झालेत," म्हणाले. "चला, पुढचा."

"त्या दिवशी घरी आले," आई सांगत होती, "आणि मला विचारलं, चिपळूणच्या दवाखान्यात केतकीच्या वेळी आणखी कुणाचं बाळंतपण होतं का? बाळं बदलली असतील का? मी हसले. म्हटलं, अहो, तुमचं नाक आहे पोरीला, काय बदलताय! ते हसले नाहीत. मग महिन्याभराने कॉट बाहेरच्या खोलीत नेली. पाठ दुखते, म्हणाले."

ती कॉट केतकीने तेव्हापासून तिथेच पाहिली होती. बाबांची पाठ खरोखरच दुखते असं ती धरून चालली होती.

"तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? विचारलं असतं तर उत्तर दिलं असतं. त्यांनी विचारलंच नाही. पगार हातात देत होते, माझ्या आईच्या आजारपणात रात्री जागले, तुझ्यावर तर जीव टाकला. लोक म्हणायचे, काय देवमाणूस मिळाला शैलजाला." त्या केतकीकडे वळल्या. "मला माफ केलं होतं त्यांनी, केतकी. मी न केलेल्या गोष्टीची माफी. ती रोज ताटात वाढून घेत होते मी. शिवी दिली असती तर उलट दिली असती. माफीला काय उलट देणार?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. केतकीने आईला इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तो संताप इतका जुना होता की त्याला आता आवाजही राहिला नव्हता.

*

केतकीने वाचायला घेतलं ते यंत्राला खोटं पाडायला. तक्ता चूक असू शकतो का, एवढाच तिचा प्रश्न होता. उत्तर तिला जिथे सापडलं तिथे ती दुसरंच काहीतरी घेऊन उठली.

तांबड्या पेशीची भिंत म्हणजे घराची भिंत समजा. तिच्यावर खुंट्या असतात. ए गटाच्या माणसाच्या खुंटीवर टोपी असते, बी गटाच्या माणसाच्या खुंटीवर पगडी. ओ गटवाल्याच्या खुंट्या रिकाम्या. पण खुंटी सगळ्यांकडे असते आणि तिला शास्त्रात एच म्हणतात. ती करायची कृती निराळी, तीही आईबापांकडूनच मिळते, आणि एकाकडून जरी धड मिळाली तरी पुरते. फार क्वचित, दहा हजारांत एखाद्याला, दोन्हीकडून मोडकी कृती मिळते. त्याच्या भिंतीवर खुंटीच नसते. मग घरात पगडी असली तरी ती अडकवणार कुठे? भिंत उघडीच. पट्टीवरच्या तीन थेंबांना रिकामी खुंटी आणि नसलेली खुंटी यांतला फरक कळत नाही. दोन्हींना ते ओ म्हणतात. हा गट पहिल्यांदा मुंबईत सापडला, म्हणून त्याचं नाव बॉम्बे.

असा माणूस मुलाला आपली न अडकवलेली पगडी देऊ शकतो. मुलाला आईकडून टोपी मिळते आणि खुंटीही. मग मुलाच्या भिंतीवर दोन्ही दिसतात. एबी.

केतकीने पुस्तक खाली ठेवलं. बाबांनी जन्मभर जवळ बाळगलेली आणि त्यांना स्वतःलाही कधी न दिसलेली खूण तिच्या रक्तात होती. आईच्या खुंटीवर.

पुढचा परिच्छेद तिने उभ्यानेच वाचला. ज्याच्या अंगात खुंटी नाही, त्याच्या शरीराला खुंटी हाच शत्रू. अशा माणसाला ए चालत नाही, बी चालत नाही, आणि ओ तर मुळीच नाही, कारण ओ रक्त म्हणजे नुसत्या उघड्या खुंट्या. ते शिरेत गेलं की शरीर एकेक पेशी फोडत सुटतं. थंडी. कंबरेत कळा. काळीलाल लघवी.

आणि मोडकी कृती दोन्हीकडून मिळण्याचा संभव कुठे जास्त? जिथे नवराबायको एकाच रक्तातले असतात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मामाची मुलगी केली जाते.

ती खोलीत येरझाऱ्या घालू लागली. यंत्राने बाबांना मारलं, एवढंच असतं तर कदाचित तिने ते सोसलं असतं, यंत्रं चुकतात. पण बाबांना वाचवू शकेल अशी एकच गोष्ट त्या सकाळी जगात होती, आणि ती यंत्राच्या हातात होती. ओ बाप, एबी मुलगी. तक्ता जुळत नाही. याचे दोन अर्थ होते. एक, बापाचं रक्त आपण समजतो तसं नाही; थांबा, जुळणी करा. दुसरा, आईने शेण खाल्लं. यंत्राला दुसराच सुचला. बाबांनाही त्यांच्या वेळी दुसराच सुचला होता. यंत्राला तो कुणी शिकवला असेल, हे वेगळं विचारायची गरज नव्हती.

*

इस्पितळात रुग्णसंबंध विभाग म्हणून एक खोली होती आणि तिथे मोहिते नावाचे सभ्य गृहस्थ बसत.

"मयत पेशंटचे नमुने आपण शीतगृहात ठेवतो," ते म्हणाले. "फेरतपासणी करता येते. जवळच्या नातेवाइकाने मागितली तर."

"मी मुलगी आहे."

मोहित्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि नजर चुकवली. "मॅडम, नोंदीप्रमाणे तसं नाही."

"ती नोंद चुकीची आहे हे त्या नमुन्यावरूनच सिद्ध होणार आहे."

"बरोबर. पण नमुना द्यायला आधी नातं सिद्ध पाहिजे."

"तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला ऐकू येतंय का?"

"मॅडम, आवाज खाली. त्यांचे बंधू आहेत ना? त्यांना आणा. पाच मिनिटांचं काम."

*

बंधू. केतकी बसने घरी आली आणि बाबांच्या बाहेरच्या कॉटवर बसून राहिली. तिला बसमध्येच कळलं होतं. हणमंतकाका त्याच आईबापांचे. बाबांसारखीच भिंत त्यांची असण्याचा संभव चारात एक. काकी ओ, मुलगा ओ, म्हणून तक्त्याने त्यांच्या घरात कधी तक्रार केली नव्हती. पुढच्या आठवड्यात दोन्ही गुडघे. दोन-तीन पिशव्या सर्वरक्त तरी लागणारच.

तिने ठरवलं, सांगायचं नाही.

ठरवलं असं तिने स्वतःशीही म्हटलं नाही. फक्त फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तसंच. ताट उचलून नेणारे ते हात तिच्या डोळ्यांपुढे होते. चारात एक. म्हणजे चारात तीन वेळा काहीही होणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने आईला टोपी आणि खुंटीचं सगळं सांगितलं. आईला ते ऐकायचा हक्क होता. शैलजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. सुटका झाल्यासारखा चेहरा होईल, असं केतकीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"म्हणजे भावजींनाही असेल."

"असेल किंवा नसेल."

"त्यांना कळवलंस?"

केतकीने शेजारचा फोन पालथा घातला.

"कधी कळलं तुला हे?"

"परवा."

शैलजाबाई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "तुझ्या बापाने मनात असून विचारलं नाही. तू माहीत असून सांगणार नाहीस. कोण म्हणतं तू त्यांची नाहीस? सुई कशाला टोचायला हवी?"

केतकी उठून उभी राहिली.

"माळ्यावरची पेटी खाली आहे," आई म्हणाली. "तीच काढायला चढले होते. शेजाऱ्यांच्या नातीला रक्त तपासून दाखवायचं होतं. घे ती. मी पण येते."

*

काकांनी ऐकून घेतलं आणि काठी आपटली.

"वहिनींची अब्रू झाकायला माझं रक्त कशाला? मी ओ हाय. दादा ओ होता. आख्खं खानदान ओ हाय!"

"ओ दिसतं काका. आहे की नाही ते बघायचंय."

"दिसतं ते असतं! तू लई पुस्तकं वाचलीस. उद्या म्हणशील, मी माझ्या बापाचाबी न्हाई."

"तुम्ही तुमच्या बापाचेच आहात, म्हणून तर भीती आहे," केतकी म्हणाली.

कुसुमकाकी दारात उभी होती. तिने पदर खोचला. "आन नसंल यांना तसलं, तर काय बिघडलं? एक टाचणी टोचली तर काय राजवाडा बुडतोय? आन असंल तर? असंल तर ह्या घरात मी रांडमुंड हून बसू का, तुमच्या खानदानाच्या नावानं?" ती केतकीकडे वळली. "कुणाचं रक्त लागतंय, बाई?"

"तुमचं, काकी. तुमचं रक्त ओ आहे."

"मग घे की! ह्या घरात माझ्या रक्ताला कुणी तरी विचारलं म्हनायचं."

केतकीने पेटी उघडली. काचेच्या पट्ट्या, ड्रॉपर, छोट्या नळ्या, सगळं फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. सुया तिने नव्या आणल्या होत्या. बाबांच्या पेटीत तीन द्रवांच्या तीन जागा होत्या. चौथ्या थेंबाला जागा नव्हती, आणि चौथ्या थेंबाला द्रव लागतही नव्हता. दुसऱ्या माणसाचं साधं ओ रक्त तेवढं लागत होतं.

काकांनी हात मागे घेतला. तेवढ्यात शैलजाबाईंनी आपलं बोट पुढे केलं. "आधी माझं," त्या म्हणाल्या. "आधी मास्तरचं, मग पोरांचं, असं असायचं ना? मास्तर नाहीत. माझं घे."

वहिनीने बोट पुढे केल्यावर मागे राहणं काकांना जमलं नाही. त्यांनी तोंड फिरवून हात दिला.

दोघांच्या बोटांतले थेंब दोन नळ्यांत गोळा करून केतकीने ते थिजायला ठेवले. काकीने चहा टाकला. तो कुणी प्यायलं नाही. हळूहळू रक्त खाली बसलं आणि वर पिवळसर पाणी सुटलं. मिठाच्या पाण्यात काकीचा थेंब मिसळून केतकीने तो पट्टीवर दोन ठिकाणी ठेवला. एकात आईच्या नळीतलं पाणी सोडलं, एकात काकांच्या. पट्टी हातात घेऊन ती हलकेच झुलवू लागली, बाबा झुलवायचे तशी.

आईच्या बाजूचा थेंब गुलाबी, सरळ, होता तसा राहिला.

काकांच्या बाजूचा थेंब आधी दाणेदार झाला. मग नासलेल्या दुधासारखा फाटला. लाल गुठळ्या निराळ्या, पाणी निराळं.

"काय झालं?" काकी म्हणाली. "बोल की बाई. काय झालं?"

"काकांच्या रक्ताने तुमचं रक्त फोडलं. त्या पिशवीतलं रक्त तुमच्यासारखंच असतं."

काकीने काकांचा हात धरला. काका पट्टीकडे बघत राहिले. त्यांची सही ज्या कागदावर होती, तो कागद त्यांना आठवला असावा.

"म्हंजे दादाला..." ते म्हणाले. "मी सही केली..." आणि मग वळून, "वहिनी."

"नको, भावजी," शैलजाबाई म्हणाल्या. "तुमची माफी मागून झाली की मला परत माफ करत बसावं लागेल. माफीचा मला कंटाळा आलाय. तुम्ही फक्त उद्या इस्पितळात येऊन बोट ठेवा."

*

काकांनी बोट ठेवलं. गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे गेलं. त्यांचं स्वतःचंच रक्त आधी थोडं थोडं काढून साठवायचं ठरलं. काही आठवड्यांनी बाबांच्या नमुन्याचा निकाल आला. खुंटी नाही. घरात पगडी होती.

मोहित्यांनी दोघींना बोलावून पडदा त्यांच्याकडे वळवला. केतकीच्या नावापुढे आता हिरवं होतं. 'नातं संभवतं.'

"अभिनंदन," मोहिते म्हणाले.

केतकीने त्यांच्याकडे पाहिलं. तो माणूस खरोखरच चांगुलपणाने म्हणत होता.

"संभवतं," ती म्हणाली. "यंत्राला अजून खात्री नाही. असू द्या. मला एक सांगा, अशी लाल खूण आणखी किती जणांना आली?"

"फार कमी, मॅडम. क्वचितच."

"क्वचित म्हणजे?"

"आहेत काही."

"त्यांच्या पेशंटना सर्वरक्त दिलं होतं का?"

मोहित्यांनी बोट पडद्यावर फिरवलं. एकदा, दोनदा. मग ते थांबले. त्यांचा चेहरा उतरत गेलेला समोरून स्पष्ट दिसला.

"त्यांतले किती घरी गेले? एवढंच सांगा."

"तुम्ही त्यांच्या नातेवाईक नाही," मोहिते म्हणाले, आणि त्यांनी पडदा बंद केला. आवाज मात्र आता नियम सांगणाऱ्याचा राहिला नव्हता.

"आज वरिष्ठांना लिहा," केतकी म्हणाली. "लाल खूण आली की आधी रक्त थांबवा म्हणावं. बाईकडे नंतर बघा. मीही लिहिते आहे, आणि मी छापते."

त्या बाहेर आल्या. बाहेरच्या मोठ्या जागेत पन्नासेक माणसं बसली होती. पडद्यावरची बाई कुणाला तरी गोड आवाजात बोट ठेवायला सांगत होती. शैलजाबाई थबकल्या. पडदा हिरवा झाला, तेव्हाच पुढे निघाल्या.

बसथांब्यावर त्यांनी मांडीवर पेटी घेतली. ती त्यांनी आज बरोबर का आणली, हे केतकीने विचारलं नव्हतं.

"कॉट भंगारात दे," त्या म्हणाल्या.

"देते."

"आणि लाल खूण आलेल्या घरांतल्या त्या बाकीच्या बायका. त्यांना जाऊन सांगायला हवं. एखादीचं खरंही असेल म्हणा."

"असेल."

"असू दे. तिलाही कुणी विचारलं नसेलच." त्या बोटांवर मोजू लागल्या. "मुलांना, दिरांना, नणंदांना, सगळ्यांना बघावं लागेल. चौथा थेंब."

"आई, नावं नाहीत आपल्याकडे. पत्ते नाहीत. तो देणार नाही."

शैलजाबाईंनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

"पत्ते कशाला लागतात? अशा बाईचं घर लपत नाही," त्या म्हणाल्या. "लोक बोट दाखवतातच. ते दाखवतील त्या घरी जायचं."